ग्राफिक्स कार्डची उष्णता: पंख्याच्या आवाजापासून तडकलेल्या डाखापर्यंत

जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक कबुली दिली. एक्सबॉक्स ३६० हे त्यांचे गेमिंग यंत्र प्रमाणाबाहेर बिघडत होते. समोरच्या गोल बटणाभोवती तीन लाल दिवे लागले की यंत्र मेले, असे जगभरातली मुले ओळखू लागली होती. कंपनीने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी १०५ ते ११५ कोटी डॉलरचा बोजा आपल्या ताळेबंदात दाखवला. यंत्र बाजारात येऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. एवढा पैसा कशापायी गेला, याचे सविस्तर उत्तर कंपनीच्याच माहितीपटात डिसेंबर २०२१ मध्ये मिळाले. यंत्र चालू होताना तापायचे, बंद झाले की थंड व्हायचे, आणि या सततच्या चढउतारात चिपच्या आतले बारीक जोड तुटत जायचे.

गेमिंग कॉम्प्युटर वापरणाऱ्यांमध्ये ग्राफिक्स कार्डच्या तापमानाची चर्चा रोज होते. किती अंश म्हणजे ठीक, किती अंश म्हणजे धोका, पंखा किती वेगाने फिरवावा, पेस्ट कधी बदलावी. ही चर्चा बहुतेक वेळा एका आकड्यावर येऊन थांबते. पण त्या आकड्यामागे साधारण तीस वर्षांचा इतिहास आहे. या तीस वर्षांत चिप किती वेगवान झाल्या हे कंपन्यांनी जाहिरातींतून सांगितले. त्या वेगाची उष्णता कोणाच्या माथी गेली, हे मात्र वेगळे शोधावे लागते. कधी ती आवाजाच्या रूपाने ग्राहकाच्या कानावर गेली, कधी यंत्राच्या आयुष्यातून वजा झाली, कधी वीजबिलात आली. तापमान सांभाळण्याचा इतिहास हा असा जबाबदारी वाटून घेण्याचा, आणि काही वेळा ती ढकलण्याचाही इतिहास आहे.

जेव्हा पंखा नव्हता

१९९६ साली थ्रीडीएफएक्स या अमेरिकी कंपनीची व्हूडू ग्राफिक्स ही चिप असलेली कार्डे बाजारात आली. घरगुती कॉम्प्युटरवर त्रिमिती खेळ गुळगुळीत चालवून दाखवणारी ही पहिली लोकप्रिय कार्डे. तिचा वेग होता ५० मेगाहर्ट्झ. त्या काळच्या कार्डांचे फोटो आज पाहिले तर एक गोष्ट पटकन डोळ्यांत भरते. हिरव्या पाटीवर काळ्या चिपा उघड्या बसलेल्या आहेत. वर ॲल्युमिनियमच्या पात्या नाहीत, पंखा नाही. बोट लावले तर चटका बसेल, एवढीच उष्णता. कॅबिनेटमधली हवा ती वाहून न्यायला पुरेशी होती.

हे सुख चार वर्षेही टिकले नाही. १९९८ च्या सुमारास एनव्हिडियाच्या रिव्हा टीएनटीसारख्या चिपांवर छोटे हीटसिंक दिसू लागले. हीटसिंक म्हणजे धातूचा तुकडा, त्याला पात्या काढलेल्या, म्हणजे हवेला टेकणारे क्षेत्रफळ वाढते. ऑक्टोबर १९९९ मध्ये एनव्हिडियाचे जीफोर्स २५६ आले. 'जीपीयू' हा शब्द कंपनीने याच कार्डाच्या जाहिरातीतून रुळवला. त्याच्या हीटसिंकवर पंखा बसवलेला होता. पुढच्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचे व्हूडू ५ ५५०० आले. त्यावर दोन चिपा, दोन पंखे, आणि वीज पुरेना म्हणून हार्ड डिस्कला लागतो तसला वेगळा पॉवर कनेक्टर. चार चिपांचे व्हूडू ५ ६००० तर भिंतीच्या सॉकेटमधून वेगळी वीज घेणार होते. ते विक्रीला आलेच नाही. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली तांत्रिक मालमत्ता एनव्हिडियाला विकायचे ठरवले. कंपनी बुडण्याची कारणे व्यापारी होती. पण वेग हवा तर चिपा वाढवा, चिपा वाढल्या तर वीज वाढवा, हा मार्ग कुठे जातो, याची चुणूक तिच्या शेवटच्या कार्डांनी दाखवली होती.

पाने उडवणारे कार्ड

आवाजाच्या इतिहासातले सर्वांत गाजलेले नाव आहे जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा. एनव्हिडियाने ते नोव्हेंबर २००२ मध्ये जाहीर केले. ग्राहकांच्या हाती ते २००३ च्या सुरुवातीला पडले. दरम्यान प्रतिस्पर्धी एटीआयचे रेडिऑन ९७०० प्रो ऑगस्ट २००२ मध्येच बाजारात आले होते आणि सरस ठरत होते. त्याला गाठण्यासाठी एनव्हिडियाने चिप ५०० मेगाहर्ट्झपर्यंत ताणली. त्यातून जी उष्णता निघाली ती साध्या पंख्याने आवरेना. मग 'एफएक्स फ्लो' नावाची मोठी यंत्रणा बसवली गेली. तांब्याचा हीटसिंक, हीट पाइप, आणि बाहेरून हवा ओढून पुन्हा कॅबिनेटच्या मागून बाहेर फेकणारा ब्लोअर. कार्डाने कॅबिनेटमधल्या दोन जागा व्यापल्या.

खेळ सुरू झाला की तो ब्लोअर असा किंचाळायचा की समीक्षकांनी कार्डाला हाताने धरायच्या व्हॅक्यूम क्लीनरचे नाव दिले. शेवटी एनव्हिडियाच्याच कर्मचाऱ्यांनी स्वतःची थट्टा करणारा व्हिडिओ काढला. त्यात हे कार्ड बागेतली पाने उडवण्याच्या यंत्राला जोडलेले दाखवले होते. मे २००३ मध्ये आलेल्या एफएक्स ५९०० मध्ये आवाजाची तक्रार बरीच कमी झाली.

हा किस्सा हसण्यावारी जातो, पण त्यामागचे कारण गंभीर आहे. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये एक नियम मांडला होता. ट्रान्झिस्टर लहान करत नेले आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज कमी केले, तर दर चौरस मिलिमीटरला लागणारी वीज तेवढीच राहते. म्हणजे त्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर, जास्त वेग, आणि उष्णता मात्र पूर्वीइतकीच. तीसेक वर्षे संगणक उद्योग या नियमाच्या जोरावर पुढे गेला. २००४-०५ च्या सुमारास तो मोडला. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण व्होल्टेज त्या प्रमाणात खाली येईना, कारण फार कमी व्होल्टेजला ट्रान्झिस्टर नीट बंदच होत नाही आणि त्यातून वीज गळत राहते. प्रोसेसरच्या जगातही हेच घडले. इंटेलने 'तेजस' हे संकेतनाव असलेला पुढचा प्रोसेसर मे २००४ मध्ये रद्द केला, त्यामागे उष्णता हे मोठे कारण होते. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी मग एका चिपमध्ये अनेक गाभे बसवण्याचा मार्ग धरला. ग्राफिक्स चिप तर आधीपासूनच अनेक छोट्या गाभ्यांची होती. तिच्यापुढे एकच वाट उरली. चिप मोठी करा, वीज जास्त घ्या, आणि थंड करण्याची सोय वाढवा.

माठ, वात आणि हीट पाइप

ही सोय कशी चालते ते समजायला आपल्याला स्वयंपाकघराबाहेर जायला नको. माठातले पाणी थंड होते, कारण मातीतून झिरपलेले पाणी बाहेरच्या बाजूला वाफ होऊन उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. कंदिलाची वात तेल वर खेचते, त्यासाठी पंप लागत नाही. या दोन गोष्टी एका बंद तांब्याच्या नळीत घाला, की हीट पाइप तयार होतो. नळीच्या आतल्या भिंतीला जाळी किंवा धातूच्या भुकटीचा थर असतो, आत थोडेसे पाणी आणि जवळपास निर्वात पोकळी. चिपजवळच्या टोकाला पाण्याची वाफ होते. वाफ दुसऱ्या टोकाला, पंख्याखालच्या पात्यांकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि वातीसारख्या थरातून परत चिपकडे येते. आत पोकळी असल्यामुळे पाण्याला वाफ व्हायला १०० अंश लागत नाहीत.

या कल्पनेचे पेटंट जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलर यांनी १९४० च्या दशकात घेतले होते. तेव्हा त्याचा फारसा उपयोग झाला नाही. १९६३ मध्ये लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अंतराळातल्या अणुऊर्जा यंत्रणेसाठी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि तिला 'हीट पाइप' हे नाव दिले. अंतराळयानासाठी केलेली ही नळी चाळीसेक वर्षांनी गेम खेळणाऱ्या मुलांच्या कॅबिनेटमध्ये येऊन बसली. पुढे तिची चपटी, रुंद आवृत्ती आली. तिला व्हेपर चेंबर म्हणतात. ती चिपच्या पूर्ण पृष्ठभागावर बसते.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हीट पाइप असो, व्हेपर चेंबर असो, मोठे पंखे असोत की पाण्याची यंत्रणा असो, यातले काहीही उष्णता नष्ट करत नाही. ती फक्त चिपवरून उचलून खोलीच्या हवेत नेऊन सोडते. ३५० वॉटचे कार्ड कितीही थंड राहिले, तरी ३५० वॉट उष्णता खोलीत येणारच.

तडकलेला डाख

आता पुन्हा एक्सबॉक्सच्या काळाकडे येऊ. चिप म्हणजे सिलिकॉनचा पातळ तुकडा. तो शेकडो बारीक डाखाच्या गोळ्यांनी खालच्या पाटीला जोडलेला असतो. सिलिकॉन तापल्यावर फार थोडे प्रसरण पावते, खालची पाटी त्याच्या कितीतरी पट. कॉम्प्युटर चालू झाला की दोघे वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, बंद झाला की आक्रसतात. मध्ये सापडतो तो डाख. त्याला आधार म्हणून गोळ्यांच्या भोवती चिकट भरणी भरतात. ती भरणी योग्य तापमानाला योग्य तेवढी कडक राहिली नाही, तर सगळा ताण डाखावर येतो. एकाच तापमानावर स्थिर राहणाऱ्या चिपपेक्षा रोज अनेकदा तापून थंड होणाऱ्या चिपला हा ताण जास्त सोसावा लागतो.

एनव्हिडियालाही हाच फटका बसला. २ जुलै २००८ रोजी कंपनीने अमेरिकी शेअर बाजार नियामकाला कळवले की लॅपटॉपमधल्या काही चिपा असाधारण प्रमाणात निकामी होत आहेत आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील. त्या निवेदनात कारणांची वाटणी वाचण्यासारखी आहे. चिप आणि तिच्या पॅकेजिंगच्या साहित्याचा कमकुवत मेळ, लॅपटॉप बनवणाऱ्यांची उष्णता बाहेर काढण्याची रचना, आणि ग्राहकांच्या वापराच्या सवयी, असे तीन घटक कंपनीने एका ओळीत बसवले. म्हणजे ज्याने पैसे मोजून लॅपटॉप विकत घेतला, तो रोज चालू-बंद केला, तोही या बिघाडाचा भागीदार ठरला. लॅपटॉप चालू-बंद करायचा नाही, तर मग त्याचे करायचे काय?

'द इन्क्वायरर'चे पत्रकार चार्ली डेमर्जियन यांनी हे प्रकरण लावून धरले. डेल आणि एचपीने वॉरंटी वाढवली. ॲपलने ऑक्टोबर २००८ मध्ये मॅकबुक प्रोच्या दुरुस्तीची जबाबदारी घेतली. काही लॅपटॉपसाठी बायोसचे अपडेट आले, त्याने पंखा आधीपेक्षा जास्त वेळ फिरू लागला. हा उपाय पाहा. चिपचा दोष तसाच राहिला, तो उशिरा उघड व्हावा यासाठी ग्राहकाने जास्त आवाज आणि जास्त वीज सोसायची. अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा केला, २०१० मध्ये तडजोड झाली. ज्या देशांत असे दावे सहज करता येत नाहीत, तिथल्या ग्राहकांचे नुकसान त्यांच्याच घरात राहिले.

त्याच काळात एक घरगुती उपाय पसरला. मेलेले कार्ड पंखा काढून ओव्हनमध्ये भाजायचे. अनेकांची कार्डे खरोखर जिवंत झाली आणि काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी पुन्हा मेली. भाजल्याने तुटलेला जोड तात्पुरता टेकायचा, सांधला जायचा नाही. शिवाय ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजते, त्यात सर्किटची पाटी तापवणे आरोग्याला घातक. तरीही लोक ते करत होते, कारण नवे कार्ड घेण्याची ऐपत नव्हती आणि कंपनी दार उघडत नव्हती.

सॉफ्टवेअरच्या हातातला पंखा

२०१० या एकाच वर्षात तीन घटना घडल्या आणि तापमानाचा प्रश्न धातूकडून सॉफ्टवेअरकडे सरकला.

मार्च महिन्यात एनव्हिडियाने १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर प्रसिद्ध केला आणि लगेच मागे घेतला. काही कार्डांचे पंखे त्यामुळे गरजेप्रमाणे वेग घेत नव्हते. कार्ड तापले तरी पंखा संथच. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने आपल्या खेळाडूंना तो ड्रायव्हर वापरू नका म्हणून सावध केले.

त्याच महिन्यात जीफोर्स जीटीएक्स ४८० आले. ३०० कोटी ट्रान्झिस्टर, ५२९ चौरस मिलिमीटरची अवाढव्य चिप, २५० वॉटची मर्यादा. समीक्षकांच्या चाचण्यांत ते ९० अंशांच्या वर सहज जात होते. कंपनीचे म्हणणे होते की चिप १०५ अंशांपर्यंत चालण्यासाठीच बनवली आहे. लोकांनी कार्डावर अंडी तळण्याचे विनोद केले. नोव्हेंबरमध्ये व्हेपर चेंबर लावलेले जीटीएक्स ५८० आले, ते जास्त वेगवान असूनही शांत होते.

जुलैमध्ये स्टारक्राफ्ट २ हा खेळ प्रसिद्ध झाला. काही जणांची कार्डे खेळताना ठीक राहत आणि मेन्यूच्या पडद्यावर मात्र भलतीच तापत. कारण साधे होते. मेन्यूचे चित्र काढायला सोपे, आणि सेकंदाला किती चित्रे काढायची यावर मर्यादा घातलेली नव्हती. मग कार्ड आपल्या पूर्ण ताकदीने तेच स्थिर चित्र सेकंदाला शेकडो वेळा काढत बसायचे. ब्लिझार्डने सेटिंग्जच्या फाइलमध्ये दोन ओळी टाकायला सांगितल्या, खेळात सेकंदाला ६० आणि मेन्यूत ३० चित्रे अशी मर्यादा आली. पंखा न बदलता, पेस्ट न लावता उष्णता उतरली. फ्रेमची मर्यादा हा आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे. तुमचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल, तर कार्डाने १८० चित्रे काढून कोणाचे भले होते?

९५ अंश 'सामान्य' कधी झाले

फेब्रुवारी २०१३ मध्ये जीटीएक्स टायटनबरोबर एनव्हिडियाने नवी पद्धत आणली. कार्डाला एक लक्ष्य तापमान दिलेले असते, टायटनसाठी ते ८० अंश होते. तिथपर्यंत कार्ड वेग वाढवत नेते, तिथे पोहोचले की वेग थोडा कमी करते. ऑक्टोबर २०१३ मध्ये एएमडीचे आर९ २९०एक्स आले. त्याचे लक्ष्य ९५ अंश. चिप ९५ अंशांवर सतत चालण्यासाठीच बनवली आहे, अशी कंपनीची भूमिका होती. खोक्यावर वेग लिहिला होता '१००० मेगाहर्ट्झपर्यंत'. शांत मोडमध्ये पंख्याच्या वेगावर मर्यादा होती. कार्ड ९५ अंशांवर टेकले की वेग हजाराच्या बऱ्याच खाली यायचा. 'पर्यंत' या एका शब्दात सगळा मामला होता.

इथे तापमानाच्या आकड्याचा अर्थ बदलला. पूर्वी तापमान हा परिणाम होता, कार्ड काम करी आणि त्यातून किती तापले ते दिसे. आता तापमान आधी ठरलेले असते आणि वेग हा परिणाम झाला. त्यामुळे 'माझे कार्ड ८३ अंशांवर आहे, चालेल का?' या प्रश्नाचे उत्तर नुसत्या आकड्यात मिळत नाही. त्या ८३ अंशांवर चिपचा वेग किती, पंखा किती टक्के फिरतो, आणि खोली किती तापली आहे, हेही पाहावे लागते.

पुढे आकडेही वाढले. चिपवर अनेक ठिकाणी सेन्सर असतात. त्यांतले सर्वांत तापलेले ठिकाण म्हणजे हॉटस्पॉट, ते एएमडीने २०१९ पासून ग्राहकांना दाखवायला सुरुवात केली. आरएक्स ५७०० मालिकेबाबत कंपनीने जाहीर केले की या जागी ११० अंशांपर्यंतचे तापमान अपेक्षित आणि मर्यादेत आहे. हे तांत्रिकदृष्ट्या खोटे नव्हते. पूर्वीच्या कार्डांतही अशी तप्त ठिकाणे होतीच, ती फक्त दिसत नव्हती. तरीही 'मर्यादेत' म्हणजे कोणाची मर्यादा, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कंपनीची मर्यादा वॉरंटीच्या काळापुरती असते. आपल्याकडे कार्ड वॉरंटी संपल्यावरही वर्षानुवर्षे वापरले जाते, मग धाकट्या भावाला दिले जाते, मग विकले जाते.

जुन्या कार्डांचा बाजार

सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आली, अनुक्रमे ३२० आणि ३५० वॉटची. त्यांत मायक्रॉनची जीडीडीआर६एक्स ही नवी मेमरी होती. ती वेगवान, आणि तेवढीच तापट. २०२१ मध्ये एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीचे तापमान दिसू लागले तेव्हा अनेकांना धक्का बसला. चिप ६०-६५ अंशांवर निवांत, आणि शेजारची मेमरी ११० अंशांवर. विशेषतः इथेरियमच्या मायनिंगमध्ये मेमरीवरच सगळा भार येत असे. लोकांनी स्वतः कार्ड उघडून मेमरीवरचे थर्मल पॅड बदलायला सुरुवात केली.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ग्राफिक्स कार्डांवर चालणारे मायनिंग बंद केले. रात्रंदिवस राबलेली कार्डे जगभरच्या जुन्या बाजारात आली. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जाहिरातीत स्वस्त कार्ड शोधणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तेव्हापासून हा प्रश्न उभा आहे. मायनिंगचे प्रत्येक कार्ड वाईट नसते. स्थिर तापमानावर कमी व्होल्टेजने चालवलेले कार्ड डाखाच्या दृष्टीने सुस्थितीत असू शकते, चढउतारच ज्याला मारतात त्याला स्थैर्य मानवते. पण त्याचे पंखे झिजलेले असतात, पॅड वाळलेले असतात. विकत घेण्यापूर्वी अर्धा तास जड गेम चालवून चिप, हॉटस्पॉट आणि मेमरी अशी तिन्ही तापमाने पाहण्याचा आग्रह धरावा. चिप आणि हॉटस्पॉटमध्ये २५-३० अंशांहून जास्त फरक दिसला तर पेस्ट वाळलेली असण्याची किंवा हीटसिंक नीट न टेकल्याची शक्यता असते. विक्रेता चाचणीला नकार देत असेल, तर ते उत्तरच समजावे.

कंपन्यांच्या चुकाही थांबलेल्या नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सची काही कार्डे ११० अंशांवर जाऊन मंदावू लागली. तपासाअंती कंपनीने मान्य केले की काही व्हेपर चेंबरमध्ये पुरेसे पाणीच भरले गेले नव्हते. आरटीएक्स ४०९० मध्ये चिप थंड राहिली आणि पॉवरचा कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. एनव्हिडियाने प्लग पूर्ण न बसवणे हे मुख्य कारण सांगितले. २००८ मधली 'ग्राहकांच्या सवयी' इथे पुन्हा भेटतात. फरक इतकाच, की या वेळी कनेक्टरची रचना पुढे सुधारली गेली.

आपल्या खोलीतला हिशेब

कार्डांच्या बहुतेक चाचण्या २०-२५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. आपली खोली तशी नसते. हीटसिंक खोलीच्या तापमानावर काही अंशांची भर घालतो, हे गणित पक्के आहे. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारे कार्ड, तोच भार आणि तोच पंखा ठेवला तर ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाईल. मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरमध्ये हा फरक दुपारी आणि पहाटेही जाणवतो. जिथे यंत्रमागांमुळे हवेत कापसाचे तंतू तरंगतात, तिथे पात्यांच्या फटी किती लवकर बुजतील, हे वेगळे सांगायला नको.

उपाय महाग नाहीत. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नये, समोरून हवा आत आणि मागून-वरून बाहेर, असा रस्ता मोकळा असावा. दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने धूळ उडवावी, उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर ती वेड्यासारखी फिरून बेअरिंग खराब होते. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नये. फ्रेमची मर्यादा लावावी. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पंख्याचा वेग तापमानाबरोबर हळूहळू चढेल असा आलेख आखता येतो. आणि सर्वांत मोठा उपाय आहे व्होल्टेज कमी करण्याचा. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्याच वेगाला व्होल्टेज १० टक्के कमी करता आले, तर वीज जवळपास १९ टक्के वाचते. कारखान्यातून निघताना प्रत्येक चिपला थोडे जास्तच व्होल्टेज दिलेले असते, कारण सर्वांत कमजोर चिपही चालली पाहिजे. तुमची चिप त्यातली कमजोर नसेल, तर ते जास्तीचे व्होल्टेज फुकट उष्णता होते. हळूहळू कमी करत जावे, गेम बंद पडू लागला की एक पायरी मागे यावे.

१९९६ च्या उघड्या चिपपासून जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ५७५ वॉटच्या आरटीएक्स ५०९० पर्यंत दर पिढीला कंपन्यांनी आकडे वर नेले आणि नवा आकडा 'सामान्य' असल्याचे सांगितले. कधी ते खरे होते, कधी तीन लाल दिवे लागल्यावर कळले की ते खरे नव्हते. त्या दोन्ही वेळी ज्यांनी मोजमापे घेतली, नोंदी ठेवल्या, तक्रारी लावून धरल्या, त्यांच्यामुळे वॉरंटी वाढली, ड्रायव्हर मागे घेतले गेले, लपलेले सेन्सर दिसू लागले. पुढच्या वेळी कार्डाचा पंखा मोठ्याने फिरू लागला, तर आवाज सहन करण्याआधी तिन्ही तापमाने, चिपचा वेग आणि खोलीचे तापमान एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. वॉरंटीच्या काउंटरवर 'हे नॉर्मल आहे' असे उत्तर मिळेल, तेव्हा ती वही उपयोगी पडते.